पोरं बोलत नाहीत, की आपली मोजपट्टीच चुकते?

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा निकाल लागला की बेळगाव आणि चिक्कोडी या दोन शैक्षणिक जिल्ह्यांची तुलना सुरू होते. बातमीच्या तळाशी दरवर्षीची एक ओळ असते, 'यंदाही मुलींचीच बाजी', आणि तिच्यावर कुणी थांबत नाही. २०२४ साली परीक्षा कॅमेऱ्यांच्या नजरेखाली झाली, तेव्हा कर्नाटकात ८१.११ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या आणि मुलगे ६५.९० टक्के. म्हणजे परीक्षेला बसलेल्या दर तीन मुलग्यांमागे एक नापास. तो पुढे जातो कुठे? खानापूर तालुक्यातला असेल तर बहुधा गोव्यात कामाला, बेळगावच्या आसपासचा असेल तर उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत. अंगाने काटक असेल तर पहाटे अंधारात रस्त्यावर पळताना दिसेल, भरतीच्या तयारीत.

मुलगे आणि पुरुष यांच्या अडचणी हा विद्यापीठात अभ्यासायचा विषय आहे म्हटलं की अनेकांच्या कपाळावर आठ्या येतात. घर, शेत, पंचायत सगळं ज्यांच्या हातात, त्यांना कसली अडचण? शंका रास्त आहे आणि अभ्यासकांनी ती टाळलेलीही नाही. ऑस्ट्रेलियातल्या समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल १९८० च्या दशकापासून मांडत आल्या आहेत की पुरुषपणाचा एकच साचा नसतो. समाजात एक साचा वरचढ ठरतो, त्यात पूर्ण बसणारे पुरुष मोजकेच, तरी त्याचा फायदा बहुतेकांना मिळतो आणि त्याच्या मापाने तोलले मात्र सगळेच जातात. ब्रिटनच्या मानसशास्त्रज्ञांच्या संस्थेत पुरुषांच्या मानसशास्त्राचा वेगळा विभाग २०१८ साली सुरू झाला. म्हणजे विषय तसा कोवळाच.

शाळेचंच घ्या. 'हल्लीची पोरं मोबाइलमुळे बिघडली' हे आपलं ठरलेलं उत्तर. कॅनडातल्या व्हॉयर दांपत्याने २०१४ मध्ये तीसहून जास्त देशांतल्या शालेय गुणांचे जुने-नवे अभ्यास एकत्र तपासले. त्यांतला सर्वांत जुना १९१४ चा होता. वर्गातल्या गुणांत मुली तेव्हाही पुढे होत्या आणि पुढच्या शंभर वर्षांत ते अंतर फारसं बदललं नाही. मोबाइल तर कालचा. आपल्याकडे मुलींना चौथी-सातवीतच घरी बसवत असत, म्हणून तुलना करायला त्या वर्गात उरतच नव्हत्या. आता त्या पीयूसीला (अकरावी-बारावीला), डिग्रीला जातात आणि जुनं अंतर दिसू लागतं. मुलगे नव्याने मागे पडले असं म्हणण्यापेक्षा, त्यांचं मागे असणं पूर्वी झाकलेलं होतं, असं म्हणणं मला जास्त पटतं. शिवाय पूर्वी कमी शिकलेल्या मुलग्यालाही शेत, फौज, गिरणी यांपैकी काहीतरी धरून ठेवत होतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे, कित्येक घरांत भिंतीवर गणवेशातला आजोबा असतो. २०२२ पासून भरती अग्निवीर म्हणून, चार वर्षांची, आणि त्यातले चारांतले एक कायम होणार.

मग लग्न. सीमाभागातली सोयरीक चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडे होत आली आहे. त्या कोल्हापूर जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. ते मुलगे आता पंचविशी-तिशीत आहेत. गर्भातच मुली नाकारणाऱ्या पिढीचा हिशेब तिच्या मुलांनी चुकता करावा, असा हा प्रकार. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात अविवाहित तरुण बाशिंग बांधून घोड्यावरून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले, तेव्हा लोक हसले. हसण्यासारखं त्यात फार नव्हतं.

या सगळ्याचं ओझं कुठे उतरतं? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२१ च्या आकड्यांनुसार देशात १,६४,०३३ जणांनी आत्महत्या केली. त्यांत पुरुष सुमारे १ लाख १९ हजार, आणि एकूण मृतांत जवळजवळ चौथा हिस्सा रोजंदारीवरच्या माणसांचा. हे आकडे वाचतानाही डोळे उघडे हवेत. २०२२ मध्ये आत्महत्या केलेल्या ५,२०७ शेतकऱ्यांपैकी ४,९९९ पुरुष होते. पण उताऱ्यावर बाईचं नाव किती घरांत असतं? नाव नाही म्हणून ती शेतकरी म्हणून मोजलीच जात नाही.

मोजणीचा असाच पेच स्वीडनच्या गॉटलँड बेटावर उलट्या बाजूने दिसला. १९८३-८४ मध्ये तिथल्या सगळ्या सामान्य डॉक्टरांना नैराश्य ओळखायचं आणि उपचार करायचं प्रशिक्षण दिलं गेलं. पुढच्या काळात बेटावरच्या आत्महत्या ठळकपणे कमी झाल्या. जगभर कौतुक झालं. मग वोल्फगांग रुट्झ आणि सहकाऱ्यांनी आकडे फोडून पाहिले, तर घट जवळजवळ सगळी बायकांमधली होती. पुरुषांचा आकडा जागच्या जागी. मेलेले पुरुष डॉक्टरांच्या नोंदींत फारसे सापडेनात, पोलिसांच्या आणि समाजकल्याण खात्याच्या कागदांत मात्र ओळखीचे निघाले.

डॉक्टर हुकले नव्हते. त्यांना शिकवलेली लक्षणं होती रडू येणं, खिन्नता, अपराधीपणा. बऱ्याच पुरुषांचं नैराश्य वेगळ्या वाटेने बाहेर येतं: चिडचिड, भांडण, दारू, गाडी बेफाम हाकणं, झोप उडणं. रुट्झ यांनी पुढे त्यासाठी वेगळी प्रश्नावली तयार केली. घरी आदळआपट करणाऱ्या नवऱ्याला आजारी म्हणून मारहाण माफ करावी असा याचा अर्थ नाही. त्या घरातल्या बाईचं दुखणं आणि त्याचं दुखणं एकाच छपराखाली असतं, दोन्हींवर उपचार लागतात.

आपल्याकडचं चित्रही तसंच आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत मानसिक आजाराचं प्रमाण बायकांत ७.५ टक्के आणि पुरुषांत १३.९ टक्के निघालं, कारण त्यात व्यसनाचे आजार धरले होते. दारूच्या आजाराने ग्रासलेल्यांपैकी ८६ टक्क्यांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. गावात त्याला 'पितोय' एवढंच म्हणतात, आणि आजार त्या एका शब्दात संपतो.

पुरुष बोलतच नाहीत, हेही अर्धसत्य आहे. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात 'मेन्स शेड' नावाची चळवळ उभी राहिली. निवृत्त, एकटे पुरुष एका शेडमध्ये जमून सुतारकाम, दुरुस्ती करतात. समोरासमोर बसवलं तर गप्प राहणारा माणूस हाताला काम आणि शेजारी कुणी असलं की बोलतो, हा त्यामागचा अनुभव. आपल्याकडे तालमी होत्याच. लाल मातीत घाम गाळून झाल्यावर वस्ताद पोरांची पाठही चोळायचा आणि घरचं काय चाललंय तेही काढून घ्यायचा. तालमीत पोरांना कणखर व्हायलाच शिकवलं, हे खरं, आणि पोरींना दार कुठे उघडं होतं? पण शिवजयंतीच्या चित्ररथापुढे शंभरजणांत नाचणाऱ्या पोराला रात्री दोन वाजता फोन करायला एकही नाव आठवत नसेल, तर तालमीची जागा आता कशाने भरायची हा प्रश्न उरतोच.

२०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा मोफत क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. फोन मात्र आधी कुणीतरी लावायला हवा. एखादा पोरगा भरतीतून दोनदा परत आलाय, किंवा स्थळ मोडून वर्ष झालंय, अशा वेळी 'उदास वाटतंय का?' असं विचारलं तर तो 'काय नाही ओ' म्हणून उठून जाईल. त्यापेक्षा विचारावं, झोप लागते का? हल्ली कुणाशी वाजलं? पिणं वाढलंय का? आणि हे बाइकची चेन घट्ट करताना विचारावं, चहासमोर बसवून नव्हे.