उशाखालचा पाव

दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या लेनिनग्राडला (आजचं सेंट पीटर्सबर्ग) जर्मन सैन्याचा वेढा पडला ८ सप्टेंबर १९४१ रोजी आणि तो पूर्णपणे उठला २७ जानेवारी १९४४ रोजी. या ८७२ दिवसांत काही लाख नागरिक गेले, आणि त्यांतले बहुतेक बॉम्बनं नव्हे, भुकेनं. २० नोव्हेंबर १९४१ पासून महिनाभराहून अधिक काळ कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव मिळायचा. कारकून, घरातली बाकीची माणसं आणि मुलं यांना १२५ ग्रॅम. तोही नुसत्या पिठाचा नव्हता. राईच्या पिठात सरकीची पेंड, माल्ट आणि लाकडापासून काढलेला सेल्युलोज मिसळलेला असे. पाव ओला आणि जड निघे, त्यामुळे सव्वाशे ग्रॅमचा तुकडा हातात घेतल्यावर आणखीच लहान दिसे.

हा पाव तराजूत तोलून मिळायचा. सुरीनं कापलेला तुकडा कमी भरला, तर वजन जुळवायला वर एक छोटा कपटा ठेवला जाई. रशियनमध्ये त्याला ‘दोवेसोक’ म्हणतात. तो कपटा वाटेतच तोंडात टाकायचा की घरी न्यायचा, हा लहान मुलांपुढचा रोजचा प्रश्न होता. रेशनकार्ड हरवलं तर दुसरं जवळजवळ मिळतच नसे. म्हणजे महिनाभराचं अन्न गेलं, आणि त्या हिवाळ्यात बहुधा माणूसही गेला.

वेढ्यातून वाचलेली ही मुलं मोठी झाली, त्यांना नोकऱ्या लागल्या, नातवंडं झाली. तरी पावाचे तुकडे वाळवून कापडी पिशवीत भरून ठेवायची सवय अनेकांची सुटली नाही. टेबलावर सांडलेला चुरा तळहातानं गोळा करून तोंडात टाकायचा, बुरसटलेला पावसुद्धा कचऱ्यात टाकताना अस्वस्थ व्हायचं, हे तर घरोघरी दिसायचं.

ही निव्वळ रशियन गोष्ट नाही. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून वाचून पुढे अमेरिकेतल्या फ्लोरिडात राहिलेल्या २५ जणांच्या मुलाखती संशोधकांनी घेतल्या. त्यांचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. खराब झालेलं अन्नही टाकवत नाही, गरजेपेक्षा जास्त साठा लागतो, जेवणाच्या रांगेत उभं राहवत नाही, हाताशी खायला नसलं की घालमेल होते, असं त्यांत वारंवार आलं. तोपर्यंत युद्ध संपून जवळपास साठ वर्षं झाली होती.

यात भुकेचा वाटा किती आणि भीतीचा किती? भुकेपुरतं उत्तर मिनेसोटातल्या एका प्रयोगातून मिळतं. १९४४-४५ मध्ये अँसल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञानं ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीनं २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. दिवसाला साधारण १५७० कॅलरी: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. तरुणांचं वजन सुमारे चतुर्थांशानं घटलं. तिथे बॉम्ब नव्हते, कोणी मारत नव्हतं, प्रयोग कधी संपणार तेही ठाऊक होतं. तरीही ते ताटं चाटू लागले, एकेक घास रेंगाळत खाऊ लागले. पाककृतींची पुस्तकं जमवली, काहींनी तर भांडीकुंडी गोळा केली. पोटभर जेवण सुरू झाल्यावरही कित्येक आठवडे त्यांचं समाधान होत नव्हतं. म्हणजे अन्नाचा ध्यास लागायला नुसती भूकही पुरते. पण हा ध्यास आयुष्यभर टिकतो तेव्हा त्यात बहुधा मरणाची भीतीही मिसळलेली असते.

ती भीती मेंदूत कशी मुरते, याचा धडा योगायोगानं लेनिनग्राडमध्येच मिळाला होता. १९२४ च्या सप्टेंबरात नेवा नदीला पूर आला आणि कुत्र्यांना ठरावीक खुणेला ठरावीक प्रतिक्रिया द्यायला शिकवणारे रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं. कुत्रे कसेबसे वाचवले, पण काहींच्या मेहनतीनं शिकवलेल्या प्रतिक्रिया विस्कटून गेल्या. एक कुत्रा पुढे सुधारला. मग दाराखालून पाण्याची नुसती धार सोडून पाहिली, तर तो पुन्हा होता तसा बिथरला. सुधारणा झाली म्हणून जुनी आठवण पुसली गेली नव्हती, तिच्यावर फक्त नवं शिक्षण चढलं होतं. पूर ओसरला, भीती ओसरली नाही.

वेढ्याच्या काळात याच शहराच्या रेडिओवर कार्यक्रम नसताना मेट्रोनोमची, म्हणजे ठेका धरायच्या यंत्राची, टकटक चालू असे. मिनिटाला ५० ठोके म्हणजे सगळं ठीक. १५० झाले की हवाई हल्ला, तळघराकडे पळायचं. अशी टकटक महिनोन्‌महिने ऐकलेल्या माणसाला पुढे कुठलीही जलद टकटक नुसता आवाज म्हणून ऐकू येणं कठीण.

मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोक्याची खूण पक्की करतो. ती खूण कुठली, केव्हाची, हा संदर्भ जोडायचं काम हिप्पोकॅम्पस या दुसऱ्या भागाचं. अति ताणात पहिला भाग जोरात चालतो आणि दुसरा मागे पडतो. म्हणून खूण राहते आणि तिच्यावरची तारीख पुसट होते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्याचं हे शारीरिक कारण. त्यात सवय स्वतःच स्वतःला पोसते. पाव उशाखाली ठेवला, रात्र सुखरूप गेली, की श्रेय पावाला मिळतं. पाव नसता तरी काही झालं नसतं, हे कळायची संधीच मेंदूला मिळत नाही.

इथे एक गल्लत टाळायला हवी. आपल्याकडे अन्न टाकणं पाप मानतात, शिळ्या पोळीचा कुस्करा करतात. तो मनावरचा आघात नव्हे, संस्कार आहे. ओळखायची खूण अशी: काटकसरी माणूस बुरशी आलेली भाकरी हळहळत का होईना, टाकतो. आघात झालेल्याचे हात थरथरतात, छाती धडधडते, आणि टाकलेलं तो मागाहून जाऊन उचलून आणतो. शिवाय, युद्ध पाहिलेला प्रत्येक जण असा होत नाही. बहुतेक जण विकार न जडता जगतात, एखादीच सवय मागे उरते.

घरच्यांची चूक बहुतेक वेळा एकच असते: अन्न साठवणारा माणूस बाहेर गेला की त्याचं कपाट साफ करायचं. परत आल्यावर त्याला साठा गायब दिसतो, म्हणजे ‘अन्न कधीही नाहीसं होतं’ हे त्याचं जुनं गणित खरं ठरतं. मग साठा दुप्पट होतो आणि सापडणार नाही अशा जागी जातो. त्याऐवजी घट्ट झाकणाचा एक डबा त्याच्या हक्काचा करून द्यावा. त्यात टोस्ट, बिस्किटं असं कोरडं, टिकणारं, तारीख छापलेलं ठेवावं. आठवड्यातून एकदा त्याच्यासमोर डबा उघडायचा. आधी ताजा पुडा त्याच्या हातात द्यायचा, मगच जुना मागायचा. हा क्रम उलटला की सगळं फिसकटतं. मधुमेह असेल तर डब्यात काय ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवावं.

साठा कमी करायची इच्छा त्याची स्वतःची असेल, तर दहा पुड्यांचे आठ करावेत आणि तिथेच थांबावं. घालमेल वाढेल, शिगेला पोचेल आणि हळूहळू उतरेल. ती उतरण्याआधीच पुडा परत ठेवला, तर मेंदू चुकीचाच धडा शिकतो. दुःस्वप्नं पडत असतील, झोप उडाली असेल, तर हे घरी करू नये. टप्प्याटप्प्यानं भीतीला सामोरं नेणारी उपचारपद्धती आहे. साधारण ८ ते १५ बैठका, बहुधा दीड-दीड तासाच्या, आणि त्या प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाकडेच.

उतारवयात स्मृतिभ्रंश झाला, तर मात्र हा मार्ग बंद होतो. त्यात नवं आधी विसरतं आणि जुनं उरतं. युद्ध संपलं, ही आठवणही नव्यांतली असू शकते. नाझी छळछावणीतून वाचलेल्या माणसाला मग शॉवरचा फवारा, गणवेशातला कर्मचारी, कुत्र्याचं भुंकणं किंवा कुलूप लावल्याचा आवाज थेट तिकडेच नेतो. अशांना शॉवरऐवजी बादली-तांब्यानं किंवा ओल्या फडक्यानं अंग पुसून आंघोळ घालावी, कर्मचाऱ्यांनी साध्या कपड्यांत यावं, जेवण रांगेत न देता जागेवर आणून द्यावं. ताट त्यांनी स्वतः सरकवल्याशिवाय उचलू नये. उरलेला पाव रुमालात बांधू लागले, तर हातात स्वच्छ रुमाल द्यावा, आणि सकाळी उशाखालचा शिळा तुकडा काढायच्या आधी ताजा तिथे ठेवलेला असावा.