उजनीच्या काठावर ऊस कुठून आला?

पुणे–सोलापूर महामार्गावर भिगवण सोडलं की ऊस सुरू होतो. पलीकडे करमाळ्याच्या बाजूला केळीच्या बागा आहेत. कंदरची केळी तर परदेशात जातात. उजनी धरणापूर्वी हा भाग शाळू, बाजरी आणि करडईचा होता. हा बदल उजनीच्या पाण्यावर झाला खरा, पण धरणाच्या मूळ आराखड्यात तो नव्हता.

भीमेवरच्या या धरणाचं काम १९६०च्या दशकात सुरू झालं आणि १९८०मध्ये संपलं. कालवे काढले ते धरणाखालच्या माढा, पंढरपूर, मोहोळ, मंगळवेढा या दुष्काळी भागासाठी. वरच्या अंगाला इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत तालुक्यांतली नदीकाठची काळी जमीन मात्र बुडाली. जुनं पळसदेव पळसनाथाच्या मंदिरासह पाण्यात गेलं आणि नवं गाव महामार्गालगत वसलं. काही धरणग्रस्तांना लाभक्षेत्रात, म्हणजे कालव्याचं पाणी मिळणाऱ्या भागात, पर्यायी जमीन मिळाली, तर काही उरलेल्या मुरमाड माळावर राहिले. पाणी डोळ्यांसमोर होतं, पण कालवा त्यांच्यासाठी नव्हता.

म्हणून त्यांनी पाइप टाकले. फुगवट्यात, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्यात, मोटार, तिथून चढावर लांबवर पाइपलाइन. एकट्याला न झेपणारा हा खर्च काहींनी चार-पाच जणांत वाटून घेतला, काहींनी उपसा सिंचनाच्या सहकारी संस्था काढल्या. आता यासाठी काढलेलं कर्ज फेडायचं कशातून? ज्वारीला हमखास गिऱ्हाईक नव्हतं. उसाला कारखाना होता, कायद्याने ठरलेला किमान दर होता आणि उभ्या पिकावर बँक कर्ज देत होती. माझ्या मते ऊस या काठावर आला तो पाण्यापेक्षा या व्यवस्थेमुळे. नुसतं पाणी असतं, तर भाजीपाला आणि भुसारही तितकाच पिकला असता.

धरणासाठी संपादित झालेल्या जमिनीचाही वापर बदलत राहिला. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गाळपेर जमीन उघडी पडते आणि त्यावर कमी दिवसांची पिकं घेतली जातात. जलाशयात मासेमारी वाढली. भिगवणचा मासळी बाजार तिच्यावरच उभा राहिला. कटला, रोहू आणि मागाहून पसरलेली चिलापी तिथे येते. कुंभारगावात फ्लेमिंगो पाहायला येणाऱ्यांमुळे नावाडी आणि खाणावळी यांनाही काम मिळालं. मात्र याच जलाशयात मुळा-मुठेतून पुण्याचं सांडपाणी येतं, आणि त्यावर जलपर्णी माजते.

उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी न धरलेला तळाचा साठा, आहे. धरण ‘उणे’त गेलं, म्हणजे वरचा उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागला, तरी फुगवट्यावरच्या मोटारी चालू राहतात त्या या साठ्यावर. २०२४च्या उन्हाळ्यात पातळी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली. पाणी मागे हटेल तशी केबल पुढे न्यायची, तळात चर खोदायचे, हे दर टंचाईत घडतं. मग पिण्याचं पाणी राखायचं म्हणून पंपांच्या विजेचे तास कमी केले जातात आणि काठावरची उभी पिकं वाळू लागतात. जमीन आम्ही दिली, असं वरचे म्हणतात. धरण आमच्यासाठी बांधलं, असं खालचे म्हणतात. ज्यांची घरं आणि शेतं बुडाली त्यांचा पाण्यावरचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. पण त्या हक्काचं पाणी बारा महिने उसालाच घालायचं, हे मला पटत नाही. आणि त्याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारता येणार नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही पिकाला त्याच्यासमोर तसा दर आणि तसं कर्ज कुणी ठेवलेलं नाही.