विहीर माझी, पण खालचं पाणी कोणाचं?

शाळेत मालकीनुसार संसाधनांचे चार प्रकार पाठ केलेले असतात, वैयक्तिक, सामुदायिक, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय. शेत नि विहीर वैयक्तिक, गायरान म्हणजे गुरं चरायची गावची जमीन सामुदायिक, जंगल-नद्या-खनिजं राष्ट्रीय, आणि खोल समुद्र सगळ्या जगाचा. पण हे कप्पे आभाळातून पडलेले नाहीत, बरेचसे मागच्या दीडशे वर्षांत कायद्याने पाडलेत, आणि नाशिक जिल्ह्यात ते चांगलं दिसतं.

बागलाण-कळवणकडे मोसम, गिरणा या नद्यांवर फड पद्धत आहे, काहीशे वर्षं जुनी. नदीत छोटा बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड म्हणजे मोठे भाग, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. शेत ज्याचं त्याचं पण पाणी सगळ्यांचं, म्हणून स्वतःच्या वावरातपण कोणी मनाने दारं (पाटातून वावरात पाणी घ्यायचं तोंड) फोडायचं नाही, दारं धरणार पाटकरी, राखण करणार जागल्या, आणि पाटातला गाळ काढायला सगळा गाव. मला तर वाटतं सामुदायिक मालकी याच्याइतकी नीट कुठल्याच पुस्तकात सांगितलेली नाही.

मग इंग्रजांनी १८७८ च्या वन कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित असे भाग केले, लगेच १८७९ ला मुंबई पाटबंधारे कायदा आला आणि नदीचं पाणी अधिसूचना काढून ताब्यात घ्यायचा अधिकार सरकारकडे गेला. १९१६ ला दारणा धरण झालं, पाणी कालव्यांनी खाली नगरकडे. स्वातंत्र्यानंतरही हा सरकारी कप्पा काही लहान झाला नाही, १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार नदी, नाले, रस्ते, कोणाच्याच नावावर नसलेली जमीन, सगळं राज्य सरकारचं. गायरानपण सरकारचंच, गावाला फक्त वापरायला दिलेलं, हे कित्येकांना माहीतच नसतं!

विहिरीचं उलटं झालं. १८८२ च्या ईझमेंट अ‍ॅक्टमुळे (सुविधाधिकाराचा कायदा) जमिनीखालचं पाणी जमीनवाल्याच्या हाती गेलं, आपण सातबारा माझा तर पाणीपण माझं म्हणतो ते तिथूनच. पण पाण्याला बांध कळत नाही, द्राक्षबागेत एकाने खोल बोअर मारला की शेजाऱ्याची विहीर आटते, आणि शेवटी २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या खाली जायला बंधनं आली.

समुद्राचं थोडक्यात सांगतो, १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैल देशाची हद्द आणि २०० मैलांपर्यंतच्या मासे-तेलावर देशाचा हक्क, त्यापलीकडचा समुद्र सगळ्या जगाचा.

धरणाच्या पाण्यावरून भांडणं अजून चालूच आहेत, २०१४ ला समन्यायी वाटपाच्या आदेशाने नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायचं ठरलं तेव्हापासून तर कमी पावसाच्या वर्षी हमखास. पण दिंडोरीत वाघाड धरणावर १९९० च्या दशकापासून शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था आहेत. धरण सरकारचं, पण पाणी मोजून घ्यायचं, पाळ्या लावायच्या, पाणीपट्टी गोळा करायची, हे सगळं शेतकरीच बघतात, फडातल्यासारखं.