निवृत्तीच्या खात्यात सोने कसे शिरले

‘निवृत्तीची पुंजी सोन्या-चांदीत वळवा’ अशा जाहिराती अमेरिकेत उतारवयाच्या प्रेक्षकांसमोर सतत झळकतात. त्या ऐकून वाटावे की ही सोय पहिल्यापासूनच असणार. प्रत्यक्षात चाळीसेक वर्षे तिथल्या सामान्य माणसाला सोन्याची लगड घरात ठेवायलाही बंदी होती.

5 एप्रिल 1933 रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सोन्याची नाणी आणि लगडी 1 मेपर्यंत जमा करण्याचा हुकूम काढला. मोबदला औंसाला 20.67 डॉलर. माणशी 100 डॉलरपर्यंतची नाणी आणि संग्राहकांची दुर्मीळ नाणी तेवढी वगळली होती. जानेवारी 1934 मध्ये सरकारने भाव 35 डॉलरवर नेला, म्हणजे वाढीचा फायदा सोने देणाऱ्यांना नव्हे, घेणाऱ्याला मिळाला. ‘सरकार पुन्हा सोने काढून घेईल’ ही भीती आजही विक्रेते खुबीने वापरतात, ती इथली.

1971 मध्ये निक्सन यांनी डॉलर आणि सोन्याची उरलीसुरली गाठ सोडली, पण बंदी उठायला 1974 चा शेवटचा दिवस उजाडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी ‘एरिसा’ या निवृत्तिवेतन कायद्यावर सही केली होती. 1963 मध्ये स्टुडबेकरने साउथ बेंडचा मोटार कारखाना बंद केला, तेव्हा हजारो कामगारांच्या हाती ठरलेल्या पेन्शनचा जेमतेम सातवा हिस्सा पडला होता. एरिसामागे तो धडा होता. कंपनीची पेन्शन नसलेल्यांसाठी याच कायद्याने करसवलतीचे वैयक्तिक निवृत्ती खाते, म्हणजे आयआरए, आणले. सुरुवातीची मर्यादा वर्षाला 1,500 डॉलर.

सोने आणि आयआरए असे एकाच वर्षी मोकळे झाले खरे, पण त्यांची सोयरीक काही जमली नाही. जानेवारी 1980 मध्ये सोने 850 डॉलरवर पोहोचले आणि 1981 च्या करकायद्याने दार लावून घेतले: चित्रे, गालिचे, रत्ने, दारू, नाणी, धातू यांपैकी काहीही आयआरएमधून घेतले, तर तेवढी रक्कम खात्यातून काढली असे मानून कर. सवलत बचतीसाठी आहे, दिवाणखाना सजवायला नाही, हा तर्क मला तरी पटतो.

मग 1986 मध्ये फट पडली. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगरँड या सोन्याच्या नाण्याच्या आयातीवर आदल्याच वर्षी बंदी आली होती आणि अमेरिकी टांकसाळ स्वतःचे ‘ईगल’ नाणे बाजारात आणत होती. त्या वर्षीच्या करसुधारणेने सोन्या-चांदीच्या ईगलना आयआरएमध्ये प्रवेश दिला. यात निवृत्तांच्या हितापेक्षा घरच्या नाण्याला गिऱ्हाईक मिळवून देण्याची घाई अधिक दिसते. शुद्धतेची अट पुढे आली, तरी 22 कॅरेटचे सोन्याचे ईगल चालते आणि तितकेच शुद्ध क्रुगरँड चालत नाही, ही विसंगती आजही टिकून आहे.

खरे दार उघडले 1997 च्या कायद्याने. 1998 पासून सोने, चांदी, प्लॅटिनम आणि पॅलेडियमच्या लगडींना मुभा मिळाली. शुद्धता वायदेबाजाराच्या निकषाइतकी हवी, सोन्यासाठी 99.5 टक्के, चांदीसाठी 99.9. आणि धातू राहणार विश्वस्ताच्या प्रत्यक्ष ताब्यात. म्हणजे ‘सोने स्वतःच्या हातात’ हे जे आकर्षण जाहिरातीत विकले जाते, तेच कायद्याने नाकारले आहे. वर साठवणूक, विमा आणि कस्टोडियनचे, म्हणजे खाते सांभाळणाऱ्या संस्थेचे, शुल्क दरवर्षी भरायचे, आणि धातूला ना व्याज ना लाभांश.

ही अट चुकवायला एक युक्ती निघाली: आयआरएच्या मालकीची छोटी कंपनी काढायची आणि तिच्या नावे घेतलेली नाणी घरच्या तिजोरीत ठेवायची. नोव्हेंबर 2021 मध्ये अमेरिकेच्या कर न्यायालयाने अशाच एका प्रकरणात घरी ठेवलेल्या ईगल नाण्यांची किंमत खात्यातून काढलेली रक्कम ठरवली. ही योजना विकणाऱ्यांच्या माहितीवर विसंबलो, हा बचाव चालला नाही. कर आणि वर दंडही भरावा लागला.