कर्नल डीबगिंग

कर्नल डीबगिंग : ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातली, म्हणजे कर्नलमधली चूक हुडकण्याचे काम आणि त्यासाठी कर्नलच्याच पोटात बसवलेली साधने. साधा प्रोग्रॅम बिघडला तर कर्नल त्याला बाहेर काढतो आणि बाकीचे काम चालू राहते. कर्नलच अडखळला तर त्याला सावरायला वर कोणी नसते. पडद्यावर काही ओळी उमटतात, कीबोर्डचे दिवे लुकलुकतात आणि यंत्र जागच्या जागी थिजते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची अभियांत्रिकीची मुले याला ‘पॅनिक झालं’ म्हणतात आणि आधी मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतात. ते बरोबरच आहे, कारण यंत्र बंद केले की त्या ओळी बहुधा परत मिळत नाहीत.

चूक घडते एकीकडे आणि दिसते दुसरीकडे, ही या कामातली खरी अडचण. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत वाढलेल्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. ओतलेला भाग बाहेरून गुळगुळीत दिसतो. लेथवर चढवून थर काढला की आतले ब्लोहोल, म्हणजे वायूने केलेली पोकळी, उघडे पडते. लेथचा त्यात काही दोष नसतो. वाळूत ओल राहिली किंवा वायूला साच्यातून बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तो क्षण केव्हाच होऊन गेलेला असतो. कर्नलमध्येही एखादा ड्रायव्हर, म्हणजे जोडलेले उपकरण चालवणारा कोड, आपल्या वाट्याच्या मेमरीपलीकडे दोन बाइट लिहून जातो आणि कोसळते ते भलतेच, बऱ्याच वेळाने. लिनक्स या मुक्त कर्नलच्या ४.० आवृत्तीत २०१५ साली आलेले ‘कासान’ हे साधन नेमका तो पहिला क्षण पकडते. मेमरीच्या दर आठ बाइटांमागे ते एक बाइट ‘सावली’ ठेवते आणि प्रत्येक वाचन-लेखनाआधी ती तपासते. एक अष्टमांश मेमरी त्यात जाते, वेगही चांगलाच उतरतो, म्हणून ते चाचणीच्या कर्नलमध्येच चालू ठेवतात.

अशी साधने कर्नलमध्ये असावीत की नाही, यावर लिनक्समध्ये दीर्घकाळ मतभेद होते. फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये ‘डीडीबी’ हा डीबगर, म्हणजे चालता कोड थांबवून आत डोकावू देणारे साधन, पहिल्यापासून घरचाच. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी मात्र २००० साली असा डीबगर मूळ कर्नलमध्ये घ्यायला स्पष्ट नकार दिला. डीबगर हाताशी असला की माणूस कोड समजून न घेता लक्षण तेवढे बुजवतो, असा त्यांचा आक्षेप होता. तो हट्ट नव्हता, त्यात तथ्य होते. पण तो आक्षेप कोड लिहिणाऱ्याच्या जागेवरून घेतलेला आहे. ज्याला लेखक भेटणार नाही, शेजारी विचारायलाही कोणी नाही, त्याच्यासाठी ब्रेकपॉइंट, म्हणजे कोडने थांबायची खूण, लावून एकेक पायरी चालणे हेच कोड समजून घेणे असते. पुढे २००८ मध्ये २.६.२६ या आवृत्तीत ‘केजीडीबी’ आणि २०१० मध्ये २.६.३५ मध्ये ‘केडीबी’ हे डीबगर मूळ कर्नलमध्ये आले.

केजीडीबीसाठी दोन संगणक लागतात. त्यांच्यामध्ये सिरियल केबल असते, वेग बहुधा सेकंदाला ११५२०० बिट, आणि एकाची पाठवायची तार दुसऱ्याच्या घ्यायच्या तारेला जोडलेली. एका बाजूला कर्नल थांबतो, दुसऱ्या बाजूला बसून त्याची मेमरी वाचता येते. आता एकाच लॅपटॉपवर क्यूईएमयू हा आभासी संगणक चालवून हे साधते. तिथे नवख्याचा पहिला दिवस एका गोष्टीत हमखास जातो : ब्रेकपॉइंट लावलेला असतो, पण कर्नल तिथे थांबतच नाही. सुरक्षेसाठी कर्नल दर वेळी मेमरीत वेगळ्या पत्त्यावर चढतो, आणि ही सोय सुरुवातीलाच बंद करायची असते, हे कोणी सांगितलेले नसते.

सगळीच साधने यंत्र थांबवत नाहीत. २००४ मध्ये २.६.९ या आवृत्तीत आलेले ‘केप्रोब्ज’ चालत्या कर्नलमध्ये हव्या त्या ठिकाणी टाचणी टोचून माहिती घेते. ते घडवण्यात आयबीएमच्या भारतातल्या अभियंत्यांचा वाटा होता. २००८ मधले ‘एफट्रेस’ त्याहून मनात भरणारे. कर्नलच्या जवळपास प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी एक हाक ठेवलेली असते. सुरू होतानाच त्या सगळ्या हाका रिकाम्या सूचनांनी बदलल्या जातात. गरज पडली की हव्या तेवढ्याच जाग्या करायच्या. बंद असताना जवळजवळ काही खर्च नाही, म्हणूनच रोजच्या वापराच्या कर्नलमध्येही ते राहू शकले.

एफट्रेसची मुळे रिअल-टाइम, म्हणजे ठरल्या वेळेत हमखास उत्तर देणाऱ्या, लिनक्सच्या कामात आहेत, आणि बेळगावच्या मशीन शॉपच्या जगाशी त्याचा संबंध लागतो तो इथे. लिनक्ससीएनसी या मुक्त प्रणालीवर लेथ किंवा मिलिंग मशीन चालवता येते. स्टेपर मोटरचे ठोके संगणकातूनच सोडायचे असतील तर काही दशलक्षांश सेकंदांचा उशीरही नडतो : मोटर पाऊल चुकते, माप जाते. उशीर कर्नलने केला की यंत्राच्या फर्मवेअरने, म्हणजे हार्डवेअरमध्येच बसवलेल्या प्रोग्रॅमने, हे नुसते बघून कळत नाही. २०१६ मध्ये ४.९ आवृत्तीत आलेला एफट्रेसमधला हार्डवेअर-उशीर शोधक प्रोसेसर थोडा वेळ अडवून धरतो आणि घड्याळ सतत वाचत राहतो. तरीही मध्ये खाडा पडला, तर वेळ कर्नलच्या खालच्या थराने खाल्ला असे समजायचे. रिअल-टाइमची मुख्य जुळणी २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत पुरी झाली.

नवे साधन कर्नलमध्ये घालायचे तर ते का हवे, बंद असताना किती खर्च, चालू असताना किती, हे मोजून दाखवावे लागते. ते चालू-बंद करायचा वेगळा पर्याय द्यावा लागतो, माहिती लिहावी लागते आणि त्या भागाच्या सांभाळकर्त्याची संमती मिळवावी लागते.

ही माहिती मूळ इंग्रजीत असते; कर्नलसोबत चिनी, जपानी, कोरियन, इटालियन भाषांतरे मिळतात, मराठी किंवा कन्नड नाही. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे आणि शिक्षण इंग्रजीतून चालते. शाळा मराठीतून केलेला मुलगा शेजारच्या कन्नड मित्राशी हे सगळे मिसळून बोलतो. त्यात काही शब्द मात्र चपखल बसले आहेत. परत न दिलेल्या मेमरीला ‘मेमरी गळतेय’ म्हणतात, आणि २००९ पासून कर्नलमध्ये असलेले ‘केमेमलीक’ शोधते ती हीच गळती : ज्याच्याकडे बोट दाखवणारा एकही पत्ता कुठे उरलेला नाही, असा मेमरीचा तुकडा.