कष्टांचा रंग: मकबिनच्या जंगलातली माणसं

इम्प्रेशनिस्ट शैली, म्हणजे सुट्या फटकाऱ्यांनी रंगवायची चित्रशैली, घडली ती क्षणभराचा उजेड पकडायला. जंगल तोडून शेत काढणाऱ्या माणसाचे कष्ट मात्र वर्षानुवर्षांचे. या दोघांची सांगड कशी घालायची, हा पेच ऑस्ट्रेलियातल्या फ्रेडरिक मकबिन या चित्रकाराने सगळ्यात नेटाने सोडवला असं माझं मत आहे.

त्याचं 'द पायोनियर' (१९०४) हे तैलचित्र सुमारे सव्वादोन मीटर उंच आणि जवळजवळ तीन मीटर रुंद आहे. ते तीन फलकांत विभागलेलं आहे. डावीकडे नुकतंच आलेलं जोडपं दिसतं. बाई हनुवटीला हात लावून बसली आहे आणि मागे नवरा चूल पेटवतोय. मधल्या फलकात तो ओंडक्यावर टेकलाय, तिच्या कडेवर बाळ आहे आणि मागे मोकळ्या जागेत घर उभं राहिलंय. उजवीकडे एक तरुण थडग्यावरचं रान बाजूला करतोय. एका चित्रात एकच क्षण मावतो, म्हणून त्याने तीन क्षण शेजारी मांडले. मधली वर्षं आपण मनाने भरायची.

ती वर्षं कशी जात? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात १८६९च्या कायद्याने ३२० एकरांपर्यंत जमीन निवडता येई. अट अशी, की तिथे राहायचं, कुंपण घालायचं आणि दर दहा एकरांमागे एक एकर लागवडीखाली आणायचा. थोराड झाडं कुऱ्हाडीने पाडणं परवडत नसे. मग खोडाभोवती सालीचा पट्टा काढत. पानांत तयार झालेली साखर सालीतून मुळांकडे जाते. ती वाट तुटली की मुळं उपाशी राहतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं, पण सावकाश. तोवर पेरणी वाळक्या खोडांमधूनच करायची.

आता रंगकामाकडे वळू. उघड्यावर चित्र काढताना पहिला शत्रू सूर्य. तो तासाला पंधरा अंश सरकतो, त्यामुळे दोन तासांत सावल्या भलतीकडे गेलेल्या असतात. १८८९ साली मेलबर्नमध्ये मकबिन आणि त्याच्या मित्रांनी भरवलेल्या प्रदर्शनात बरीचशी चित्रं सिगारच्या खोक्यांच्या झाकणांवर होती, साधारण २३ बाय १३ सेंटिमीटरची. एवढी फळी एका बैठकीत उरकते. सव्वादोन मीटरचा कॅनव्हास उरकत नाही. त्यावर मकबिनने दोन उपाय केले. माउंट मॅसिडॉन या डोंगराजवळच्या आपल्या घरापाशी त्याने चर खणला आणि कॅनव्हास त्यात उतरवला, म्हणजे वरच्या भागापर्यंत हात पोचतो. दुसरं, भर उन्हाऐवजी त्याने झाडीतला विखुरलेला उजेड निवडला. असा उजेड जास्त वेळ एकसारखा राहतो, आणि चित्राचा उदास सूरही त्यातूनच येतो. शिवाय उन्हात उजळलेल्या कॅनव्हासवर काम केलं तर डोळ्याची बाहुली आकसते, रंग उजळ भासतात, आणि घरात आणल्यावर चित्र काळपट निघतं.

झाडीचा रंग हा वेगळाच डोकेदुखीचा विषय. तिथली बहुतेक झाडं निलगिरीच्या कुळातली. त्यांची पानं आडवी पसरत नाहीत, लोंबतात. वर मेणाचा थर. त्यामुळे सावली विरळ आणि हिरवा रंग राखट. ट्यूबमधला हिरवा सरळ लावला तर ते रान इंग्लंडमधलं वाटेल. पिवळ्या मातीच्या रंगात निळा आणि पांढरा मिसळून, किंचित लाल घालून हिरव्याचा तोरा उतरवावा लागतो.

मोबाइलवर 'द पायोनियर'च्या डाव्या फलकाचं चित्र उघडा आणि कृष्णधवल करा. बाईचे गडद कपडे झाडीत बुडू लागतात, उरतात चेहरा आणि हात. रंग वेगळे असले तरी उजळपणा जवळजवळ सारखा असेल, तर मेंदूला कडा आणि खोली नीट लावता येत नाही. चेहरा रेखीव आणि भोवतालचं गवत तुटक फटकाऱ्यांचं, अशी मांडणी केली की माणसाला रान गिळतंय असं वाटतं. तिचा चेहरा रडवेला करायची गरजच पडत नाही. 'डाउन ऑन हिज लक' (१८८९) मधल्या शेकोटीपाशी बसलेल्या भटक्यालाही हीच वागणूक मिळाली आहे.

हे फटकारे लांबून एकजीव होतात, असं सर्रास सांगतात. हिशोब करून बघा. निरोगी डोळ्याला एक कलेपर्यंतचा (अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा) तपशील वेगळा दिसतो. म्हणजे ५ मिलिमीटरचा ठिपका उजेड-अंधाराच्या फरकाने उठून दिसत असेल तर साधारण १७ मीटरपर्यंत सुटा राहतो. एवढं लांब दालनात कोण उभं राहतं? नुसत्या रंगाच्या फरकाला मात्र डोळा बराच मंद असतो. म्हणून सारख्या उजळपणाचे हिरवे-तांबूस ठिपके खूप आधी मिसळतात, आणि पांढरा खोड-बुंधा वेगळा राहतो. मेलबर्नच्या मराठी मंडळींना हे फेडरेशन स्क्वेअरमधल्या व्हिक्टोरियाच्या राष्ट्रीय दालनात या चित्रासमोर मागे-पुढे होऊन तपासता येईल.

कॅनव्हास स्वस्त नव्हता. २०२० मध्ये मकबिनच्या 'द नॉर्थ विंड' या चित्राच्या क्ष-किरण प्रतिमेत खाली दुसरंच चित्र सापडलं: हरवलेल्या मुलाचा शोध लागल्याचं, 'फाउंड' नावाचं, बेपत्ता समजलं गेलेलं. शिशाचा पांढरा रंग क्ष-किरण अडवतो, म्हणून खालच्या आकृतीतल्या उजळ जागा दिसल्या. असा पुनर्वापर करताना खालचा थर पक्का वाळलेला लागतो. जवसाचं तेल उडून जात नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होतं, आणि त्याला महिने लागतात. घाई केली तर वरचा थर आधी ताठरतो, खालचा सरकत राहतो आणि भेगा पडतात.

'द पायोनियर'ही मकबिनने नंतर बदललं. आधी ते विकलं गेलं नाही. मग चित्रकार मित्र वॉल्टर विदर्सच्या सल्ल्याने उजव्या फलकात दूरवर मेलबर्न शहर घातलं, आणि १९०६ साली व्हिक्टोरियाच्या राष्ट्रीय दालनाने ते घेतलं. शहरामुळे त्या थडग्याला फळ मिळाल्यासारखं दिसतं. ज्यांच्या भूमीवर हे सारं उभं राहिलं, ते मूळ रहिवासी तीनही फलकांत कुठेच नाहीत.