स्वस्तातले मॉन्स्टरपट (अमेरिका, १९५०चं दशक)

अमेरिकेत साधारण १९५३ ते १९५९ या काळात थोडक्या पैशात आणि थोडक्या दिवसांत उरकलेले सायन्स फिक्शन सिनेमे, ज्यात राक्षस म्हणजे बहुतेक वेळा फोम रबरच्या सूटमध्ये शिरलेला माणूस.

ही लाट कशामुळे आली यावर एकमत नाही. अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅगने १९६५ च्या निबंधात या सिनेमांमागे अणुबॉम्बच्या काळातली धास्ती पाहिली आणि ते खोटं नाही, पण छोट्या निर्मात्यांना बाजाराचं कारण जास्त लागू पडतं. १९४८ च्या सुप्रीम कोर्टाच्या पॅरामाउंट निकालामुळे बड्या स्टुडिओंना आपल्या मालकीची थिएटरं सोडावी लागली, एका तिकिटात दोन सिनेमांसाठी स्वस्त माल कमी पडायला लागला, टीव्हीमुळे मोठी माणसं घरीच बसली आणि ड्राइव्ह-इनला (गाडीत बसून सिनेमा पाहायच्या उघड्यावरच्या थिएटरांना) उरली तरुण पोरं. काहीजण सुरुवात १९५१ पासून धरतात, पण १९५२ मध्ये पुन्हा लागलेल्या 'किंग काँग'ने चांगला गल्ला जमवला, त्यानंतरचा काळ धरणं जास्त बरोबर वाटतं.

निर्माते निकोल्सन आणि अर्कॉफ यांची १९५४ ची कंपनी (पुढची अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स) बऱ्याचदा आधी नाव आणि पोस्टर ठरवायची, स्क्रिप्ट मागून. त्यांचे बरेच राक्षस पॉल ब्लेझडेलने बायकोच्या मदतीने बनवले आणि आत शिरून कामही स्वतःच केलं. दिग्दर्शक रॉजर कॉर्मनच्या 'इट कॉन्कर्ड द वर्ल्ड' (१९५६) मधला शुक्रावरचा प्राणी बुटका आणि रुंद का, यावर दोन म्हणणी आहेत. कॉर्मनच्या मते जास्त गुरुत्वाकर्षणात वाढलेला जीव जमिनीलगतच असणार, तर ब्लेझडेलच्या डोक्यात दमट हवेत उगवलेलं मशरूमसारखं काहीतरी होतं. शुक्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीपेक्षा थोडं कमीच आहे, त्यामुळे दुसरं म्हणणं जास्त जुळतं. 'शी-क्रीचर'चा (१९५६) सूट तर थोडा बदलून पुढच्या वर्षी 'वूडू वुमन'मध्ये परत वापरला.

सोंटॅगनेच १९६४ मध्ये कॅम्पमध्ये (म्हणजे अतिरेकी, भडक गोष्टीत वाटणारी गंमत) भाबडा कॅम्प आणि मुद्दाम केलेला कॅम्प असा फरक केला होता. हे सिनेमे भाबड्या बाजूचे, त्यांची सगळी गोडी तिथेच आहे, नंतर मुद्दाम वाईट बनवलेल्यांत ती येत नाही. 'रोबॉट मॉन्स्टर' (१९५३) मध्ये गोरिलाचा सूट आणि वर हेल्मेट एवढाच राक्षस, पण संगीत पुढे नावाजलेल्या संगीतकार एल्मर बर्नस्टीनचं आणि ते मनापासून केलेलं. 'द जायंट क्लॉ' (१९५७) मधला हास्यास्पद बाहुलीचा पक्षी शूटिंगच्या वेळी नटांनी पाहिलाच नव्हता, म्हणून नायक जेफ मॉरो शेवटपर्यंत खरोखरच्या संकटाला तोंड देतोय असंच काम करतो.